आधी ठराव, मग वही: सामूहिक ज्ञानाचे हक्क सांभाळू पाहणाऱ्या नवख्यांसाठी मार्गदर्शक

पिढ्यानपिढ्या चालत आलेले वनस्पतींचे औषधी उपयोग, जपलेली बियाणी, विणकामाच्या आणि रंगकामाच्या रीती, गाणी, विधी यांची नोंद करण्याचे काम आज अनेक तरुण कार्यकर्ते, शिक्षक, संशोधक विद्यार्थी आणि जैवविविधता समित्यांचे सदस्य हाती घेत आहेत. काम मोलाचे आहे, पण बहुतेक जण ते चुकीच्या टोकाकडून सुरू करतात. आधी वह्या भरतात, मोबाइलवर मुलाखती ध्वनिमुद्रित करतात, छायाचित्रे काढतात. आणि हे ज्ञान कोणाचे, ते कोणाला सांगायचे, त्यातून उद्या कोणी पैसा उभा केला तर त्यात वाटा कोणाचा, हे प्रश्न नंतरसाठी ठेवून देतात. एकदा छापलेले किंवा इंटरनेटवर टाकलेले ज्ञान परत घेता येत नाही, त्यामुळे ते प्रश्न आधीच सोडवावे लागतात. भारतात आज लागू असलेले कायदे लक्षात घेऊन हे काम कोणत्या क्रमाने करावे, ते पुढे सांगितले आहे.

कायदा कोणत्या नजरेने पाहतो

बौद्धिक संपदेचे नेहमीचे कायदे एका ठरावीक चौकटीसाठी घडवलेले आहेत. पेटंट मागणाऱ्याला आपला शोध नवा असल्याचे दाखवावे लागते, शोध लावणाऱ्याचे नाव द्यावे लागते आणि मिळालेला हक्क अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांनी संपतो. कॉपीराइटला लेखक किंवा निर्माता लागतो. पाड्यावरच्या सुईणीला किंवा वैदूला जे ठाऊक असते त्याला एक शोधक नसतो, जन्मतारीख नसते आणि मुदतही नसते. त्यामुळे या चौकटीतून पाहिले की ते ज्ञान कोणाचेच नाही, म्हणून सगळ्यांचे, असे दिसू लागते. या गैरसमजाचा फायदा घेणारे पुष्कळ असतात.

यावर दोन प्रकारचे उपाय आहेत आणि नवख्या माणसाने त्यांतला फरक अगदी सुरुवातीलाच नीट समजून घ्यावा. पहिला उपाय बचावाचा आहे, म्हणजे परक्याला आपल्या ज्ञानावर मक्तेदारी मिळू न देणे. दुसरा हक्काचा आहे, म्हणजे समुदायाला नकार देण्याचा, अट घालण्याचा आणि मोबदला मागण्याचा अधिकार मिळवून देणे. आपल्याकडे गाजलेली प्रकरणे बहुतेक पहिल्या प्रकारची आहेत. जखम भरण्यासाठी हळदीच्या वापरावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, जुन्या ग्रंथांचे आणि छापील लेखांचे पुरावे देऊन त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. कडुनिंबापासून बनवलेल्या बुरशीनाशकावरील युरोपीय पेटंट १९९४ मध्ये दिले गेले, २००० मध्ये रद्द झाले आणि त्यावरचे अपील २००५ मध्ये फेटाळले गेले. म्हणजे ही लढाई सुमारे दहा वर्षे चालली.

हे दोन्ही विजय खरे आणि मोठे आहेत. मात्र त्यांतून सिद्ध झाले ते इतकेच की, ही माहिती नवी नाही आणि तिच्यावर कोणाची मक्तेदारी असू शकत नाही. ती माहिती जपणाऱ्या कोणत्याही समुदायाला त्यातून हक्क मिळाला नाही. याच अनुभवातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांसारख्या परंपरांच्या ग्रंथांतील औषधी योग, म्हणजे औषधांच्या कृती, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत मांडून ते परदेशी पेटंट कार्यालयांना तपासणीसाठी उपलब्ध करून देण्यात आले. या ग्रंथालयाचा आधार ग्रंथ आहेत. भामरागडच्या किंवा धडगावच्या जंगलात तोंडी चालत आलेले ज्ञान त्यात आपोआप येत नाही, आणि ते तिथे आले तरी समुदायाला मिळतो तो बचाव, हक्क नव्हे. हक्काची वाट गावातूनच सुरू होते.

पहिली पायरी: हे ज्ञान नेमके कोणाचे, ते शोधा

"गावाचे ज्ञान" असे आपण सहज म्हणतो, पण गावात पाहू लागलो की त्याचे थर दिसतात. काही गोष्टी लहान पोरालाही ठाऊक असतात. काही फक्त बायकांना, काही एखाद्या कुळाला, काही एकाच भगताला किंवा वैदूला आणि त्याच्या शिष्याला ठाऊक असतात. काही गोष्टी एका गावाच्या नसून खोऱ्यातल्या वीस गावांच्या असतात. म्हणून कोणतीही माहिती विचारण्याआधी निदान एवढे ठरवावे: या विषयात बोलायचा अधिकार कोणाला आहे, कोणाला विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, आणि शेजारच्या कोणत्या गावांचा त्यावर तेवढाच दावा आहे.

ही पायरी वगळली की काय होते, याचे बोलके उदाहरण केरळातील काणी आदिवासींचे आहे. १९८७ मध्ये अगस्त्य पर्वताच्या परिसरात फिरणाऱ्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की, सोबतचे काणी वाटाडे एका लहान वनस्पतीची फळे खात चालतात आणि थकत नाहीत. ती वनस्पती म्हणजे आरोग्यपच्चा. तिच्यावर संशोधन करून तिरुवनंतपुरमजवळच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने 'जीवनी' नावाचे औषध तयार केले आणि १९९५ मध्ये त्याचा निर्मितीपरवाना कोइमतूरच्या एका औषध कंपनीला दिला. परवान्याचे शुल्क १० लाख रुपये आणि स्वामित्वधन (विक्रीतला वाटा, म्हणजे रॉयल्टी) २ टक्के ठरले. त्यातला निम्मा वाटा काणी समुदायाला द्यायचे संस्थेने ठरवले. त्या काळात जगात असे फारसे कोणी करत नव्हते, म्हणून या निर्णयाचे श्रेय संस्थेला दिलेच पाहिजे. पण पैसे घेण्यासाठी काणी लोकांचा विश्वस्त निधी स्थापन झाला तो १९९७ मध्ये, म्हणजे करार होऊन गेल्यावर. काणी वस्त्या वेगवेगळ्या भागांत विखुरलेल्या आहेत. संस्थेशी ज्यांचा संपर्क होता त्यांच्यापलीकडच्या वस्त्यांनी आणि परंपरेने औषध देणाऱ्या जाणकारांनी आपल्याला कोणी विचारले नाही, अशी तक्रार केली. मोबदला मिळूनही समाजात फूट पडली, कारण ज्ञान कोणाचे हा प्रश्न पैशाच्या नंतर विचारला गेला.

माझा सल्ला असा की, या पायरीला घाई करू नये. एका बैठकीत उत्तर मिळत नाही. बायकांची बैठक वेगळी घ्यावी, कारण बियाणे, बाळंतपण, रानभाज्या आणि रंग यांविषयीचे बरेचसे ज्ञान त्यांच्याकडे असते आणि मिश्र बैठकीत ते क्वचितच बोलले जाते.

दुसरी पायरी: ग्रामसभेचा ठराव

सामूहिक ज्ञानाच्या बाजूने भारतीय कायद्यातली सर्वांत स्पष्ट तरतूद वनहक्क कायदा, २००६ मध्ये आहे. त्याच्या कलम ३ (१) (के) ने वनात राहणाऱ्या अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी यांना जैवविविधता उपलब्ध असण्याचा हक्क आणि जैवविविधता व सांस्कृतिक विविधता यांच्याशी निगडित बौद्धिक संपदा व पारंपरिक ज्ञान यांवरील सामुदायिक हक्क मान्य केला आहे. "सामुदायिक हक्क" हे शब्द कायद्यातच आहेत, ते कोणी भलेपणाने दिलेले नाहीत. आश्चर्य याचे वाटते की, सामूहिक वनहक्काचे दावे भरताना गावे बांबू, तेंदू, मोहफुले, चराई, निस्तार (घरगुती गरजांसाठी रानातून वस्तू आणण्याची वहिवाट) हे सगळे लिहितात आणि या एका हक्काची ओळ मात्र बहुधा रिकामी सोडतात. तुमच्या गावाचा दावा अजून दाखल व्हायचा असेल, तर ती ओळ भरायला सांगा.

अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून घोषित भागात, याला १९९६ च्या पेसा कायद्याचे, म्हणजे तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पंचायत विस्तार कायद्याचे, बळ मिळते. परंपरा, रूढी, सांस्कृतिक ओळख आणि सामुदायिक साधनसंपत्ती जपण्यास ग्रामसभा सक्षम आहे, असे तो सांगतो. आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांमुळे एखाद्या पाड्याला किंवा वस्तीला स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊन स्वतःची ग्रामसभा भरवता येते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे अभ्यासगट बसत होते आणि निर्णय सर्वसहमतीने होत होते. ज्ञानाच्या प्रश्नावर हीच पद्धत योग्य आहे. बहुमताने घेतलेल्या निर्णयाने एखाद्या वैदूचे ज्ञान त्याच्या मनाविरुद्ध खुले करता येऊ नये.

गणपूर्तीकडे लक्ष द्या. वनहक्क नियमांनुसार ग्रामसभेच्या एकूण सदस्यांपैकी निम्मे हजर असावे लागतात आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. सह्या आणि अंगठे त्याच बैठकीत घ्या. नंतर घरोघरी फिरून गोळा केलेल्या सह्यांनी ठराव कच्चा राहतो.

ठरावाची भाषा साधी असली तरी चालते, मोघम असता कामा नये. नमुना म्हणून हा मजकूर वापरता येईल:

"आमच्या गावाच्या हद्दीतील वनस्पती, प्राणी, बियाणे यांविषयीचे तसेच आमची गाणी, चित्रे, विधी व कारागिरी यांविषयीचे पारंपरिक ज्ञान हे गावाचे सामूहिक ज्ञान आहे. ग्रामसभेची लेखी पूर्वसंमती घेतल्याशिवाय कोणीही त्याची नोंद, ध्वनिमुद्रण, चित्रीकरण, प्रकाशन किंवा व्यापारी वापर करू नये. एका व्यक्तीने दिलेली संमती ही गावाची संमती मानली जाणार नाही. तसेच गावाने दिलेल्या संमतीमुळे कोणत्याही जाणकार व्यक्तीवर आपले ज्ञान सांगण्याचे बंधन येणार नाही. दिलेली संमती ग्रामसभा कारण देऊन मागे घेऊ शकेल. या कामासाठी पुढील व्यक्तींची समिती नेमण्यात येत आहे."

शेवटच्या दोन वाक्यांवरून पुढे सर्वाधिक वाद होतात, म्हणून ती वगळू नका. ठरावाची एक प्रत ग्रामपंचायतीकडे पोच घेऊन द्या आणि एक गावात ठेवा.

तिसरी पायरी: काय खुले, काय राखीव, काय बंद

आता वही उघडण्याआधीची शेवटची गोष्ट. जे काही नोंदवायचे आहे त्याचे तीन भाग समितीने जाणकारांसोबत बसून करावेत. खुले म्हणजे सर्वांना आधीपासून ठाऊक असलेले किंवा ग्रंथांत आलेले. राखीव म्हणजे गावाला किंवा काही घरांना ठाऊक असलेले आणि अटींवर सांगता येईल असे. बंद म्हणजे कुळाचे, देवाचे, विधीचे किंवा एकाच जाणकाराचे, जे लिहायचेच नाही.

एक नोंद जवळून पाहू. कुड्याची साल अतिसारावर देतात, हे आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहे आणि रानातल्या कोणालाही ठाऊक आहे. "कुडा, साल, जुलाब" एवढी नोंद खुल्या भागात गेली तर गावाचे काहीच जात नाही. उलट त्यावर कोणी पेटंट मागितले तर ती बचावाला कामी येते. पण एखाद्या गावातला वैदू साल कोणत्या ऋतूत काढतो, किती वयाच्या झाडाची काढतो, तिच्यात आणखी कोणत्या दोन मुळ्या घालतो, लहान मुलाला किती देतो आणि बाळंतिणीला का देत नाही, हा तपशील ग्रंथात नसतो. त्या वैदूचे आणि त्याच्या गुरूचे ज्ञान तिथे सुरू होते. हा तपशील राखीव भागात जावा, आणि वैदू नको म्हणाला तर कुठेच जाऊ नये. एकाच झाडाची नोंद अशी दोन ठिकाणी तुटते, आणि ती कुठे तोडायची हे फक्त जाणकारच सांगू शकतो.

हे वर्गीकरण कायद्याच्या दृष्टीनेही गरजेचे झाले आहे. जैविक विविधता कायदा, २००२ मध्ये २०२३ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांवरून आलेल्या ज्ञानाला, म्हणजे संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानाला, या दुरुस्तीने व्यापारी वापराची पूर्वसूचना आणि लाभवाटप (वापरातून झालेल्या फायद्यातला वाटा समुदायाला देणे) यांतून बरीच सूट दिली. ही सूट फारच सैल आहे असे माझे मत आहे, कारण ग्रंथ आणि तोंडी परंपरा यांच्यातली रेघ औषध कंपनीला आपल्या सोयीने ओढता येते. म्हणूनच आपले ज्ञान ग्रंथाहून कुठे वेगळे आहे, हे गावाला दाखवता आले पाहिजे.

चौथी पायरी: नोंदवही

जैविक विविधता कायद्याच्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करायची असते, आणि त्या समितीने लोकांशी सल्लामसलत करून लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. या नोंदवहीच्या कल्पनेला आकार देण्यात परिस्थितिकीतज्ज्ञ माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा आहे. देशभरात आज अडीच लाखांहून अधिक नोंदवह्या कागदोपत्री तयार आहेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिल्यावर त्यांतल्या अनेक घाईघाईने, लोकांशी न बोलता भरल्या गेल्या. म्हणून नवी वही सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन तुमच्या गावाची जुनी नोंदवही मागा आणि ती ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्या. काय चुकले आहे, काय राहिले आहे आणि जे लिहायला नको होते ते काय लिहिले गेले आहे, हे तिथेच कळते.

प्रत्येक नोंदीत तारीख, सांगणाऱ्याचे नाव (त्याची परवानगी असेल तर), झाडाचे स्थानिक नाव, वापरला जाणारा भाग, ऋतू, उपयोग, ती माहिती कोणाकोणाला ठाऊक आहे आणि नोंद कोणी पाहावी, एवढे हवे. सांगणाऱ्याचे शब्द त्याच्याच बोलीत ठेवा, मग ती माडिया असो, भिली असो, कोरकू असो. मराठी अर्थ शेजारी लिहा. दुर्मीळ वनस्पतीचे नेमके ठिकाण, विशेषतः मोबाइलने घेतलेले अक्षांश-रेखांश, खुल्या वहीत कधीही लिहू नका. छायाचित्राच्या फाइलमध्ये ठिकाण आपोआप साठते, म्हणून कॅमेऱ्यातली ती सोय आधी बंद करा. राखीव भागाची वही वेगळी बांधा आणि ती कोणाच्या ताब्यात राहील हे ठरावात लिहा.

ध्वनिमुद्रणाबाबत एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. लोकगीत परंपरेने चालत आलेले असले तरी त्याच्या ध्वनिमुद्रणावर स्वतंत्र कॉपीराइट असतो. तो मुद्रण करणाऱ्या निर्मात्याकडे जातो आणि ६० वर्षे टिकतो. गाणारीला तिच्या सादरीकरणावर वेगळा हक्क असतो, त्याची मुदत ५० वर्षांची आहे. म्हणजे लग्नात गाणी म्हणणाऱ्या आजींचे गाणे तुम्ही चांगल्या हेतूने मुद्रित केलेत, तरी लेखी काही ठरले नसेल तर त्या मुद्रणाचे मालक तुम्ही होता. तेव्हा मुद्रण सुरू करण्याआधीच कागदावर लिहा की मुद्रणाचा हक्क ग्रामसभेने ठरवलेल्या संस्थेचा राहील, मूळ प्रत गावात राहील आणि इंटरनेटवर टाकण्यासाठी वेगळी परवानगी लागेल. आजींना ते वाचून दाखवा, मुद्रणही आधी ऐकवा, आणि त्या म्हणतील ते कडवे काढून टाका.

पाचवी पायरी: बाहेरून कोणी आले तर

गावात येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारा: तुम्ही कोणासाठी आला आहात आणि पैसा कोणाचा आहे? उत्तरावरून कायद्याची वाट बदलते. परदेशी व्यक्ती किंवा संस्थेला भारतातील जैविक संसाधन किंवा त्याविषयीचे ज्ञान संशोधनासाठी अथवा व्यापारासाठी घ्यायचे असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. भारतीय कंपनीने व्यापारी वापरासाठी राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावे लागते. महाराष्ट्राचे मंडळ नागपूरला आहे. भारतीय अर्जदाराला पेटंट हवे असेल तर ते मिळण्याआधी प्राधिकरणाकडे नोंद करावी लागते आणि ते बाजारात आणताना परवानगी घ्यावी लागते. स्थानिक रहिवासी आणि वैदू-हकीम यांना आपल्या परंपरेने औषध देण्यासाठी यांपैकी काहीही लागत नाही. वन खात्याचा किंवा इतर कोणाचा माणूस वैदूला या कायद्याचा धाक घालत असेल, तर त्याला ही सूट दाखवा.

"आम्ही भारतीय कंपनी आहोत, आम्हाला लाभवाटप लागू नाही" हा युक्तिवाद अजूनही ऐकायला मिळतो. तो दिव्य फार्मसीच्या खटल्यात उत्तराखंड उच्च न्यायालयासमोर मांडला गेला आणि २१ डिसेंबर २०१८ च्या निकालाने फेटाळला गेला. स्थानिक आणि आदिवासी समुदायांना न्याय्य वाटा देणे हा या कायद्याचा गाभा आहे, या भूमिकेतून न्यायालयाने भारतीय कंपन्यांनाही ते बंधन लागू असल्याचे म्हटले. २०२३ च्या दुरुस्तीने सूट वाढवली असली तरी तोंडी परंपरेतले ज्ञान आणि रानातून गोळा केलेला माल यांना ती सरसकट लागू होत नाही. लाभवाटपाचे दर अलीकडे बदलले आहेत, त्यामुळे करार करताना मंडळाकडून चालू दर लेखी मागवा.

निर्णय घेताना मंडळाने आणि प्राधिकरणाने जैवविविधता समितीशी सल्लामसलत करायची असते, आणि आपल्या हद्दीतून व्यापारासाठी माल गोळा करणाऱ्यांवर समितीला शुल्क बसवता येते. हे दोन्ही अधिकार वापरात फार कमी दिसतात. समितीने निदान मंडळाला एक पत्र लिहून ठेवावे की, आमच्या हद्दीविषयी कोणताही अर्ज आल्यास आम्हाला कळवावे.

करारात पैशाच्या रकमेहून वापराची व्याख्या जास्त काळजीने लिहावी. माहिती कोणत्या एका कामासाठी दिली आहे, ती तिसऱ्या पक्षाला देता येईल का, लेख छापण्यापूर्वी मसुदा गावाला मराठीत दाखवला जाईल का, जाणकारांचे आणि गावाचे नाव कसे येईल, पेटंटचा अर्ज करायचा झाल्यास पुन्हा परवानगी लागेल का, नमुने उरले तर परत येतील का, आणि वाद झाल्यास तो कुठे सुटेल, हे सगळे त्यात असावे. मोबदला एकरकमी असेल तर तो कोणाच्या खात्यात जाणार हे ग्रामसभेने आधी ठरवलेले असावे. मसुदा घेऊन आलेला माणूस "आजच सही हवी" म्हणत असेल, तर त्याला पुढच्या ग्रामसभेची तारीख द्या. नकार देणे हाही पूर्ण आणि वैध निर्णय आहे. त्याचे समर्थन कोणालाही द्यावे लागत नाही.

सहावी पायरी: नोंदणीचा योग्य मार्ग निवडा

सगळ्या ज्ञानाला नोंदणी लागत नाही. जिथे लागते तिथे कोणता कायदा काय देतो, हे पाहून ठरवावे.

बियाण्यांसाठी पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ खरोखर उपयोगी आहे. शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणाची नोंदणी करता येते, त्यासाठी नोंदणी शुल्क लागत नाही, आणि मिळणारे संरक्षण पिकांना १५ तर झाडे व वेलींना १८ वर्षांचे असते. कलम ४१ नुसार एखादे वाण घडवण्यात आपल्या गावाचे योगदान असल्याचा दावा गावाच्या वतीने करता येतो. तो मान्य झाल्यास भरपाई मिळू शकते. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी शेतातल्या निवडीतून एचएमटी धान तयार केले, तेव्हा हा कायदा अस्तित्वात नव्हता. त्यांचे धान अनेक राज्यांत पसरले, सन्मानही मिळाले, पण २०१८ मध्ये निधन होईपर्यंत त्यांचे आयुष्य हलाखीतच गेले. आज कोणाच्या घरी असे वाण असेल तर ते विद्यापीठाला, संस्थेला किंवा कंपनीला देण्याआधी नोंदणीचा अर्ज करा, आणि देताना किती बियाणे, कोणत्या तारखेला, कोणत्या कामासाठी दिले याची पोच घ्या.

कारागिरी आणि विशिष्ट प्रदेशाचा माल यांसाठी भौगोलिक मानांकन आहे. १९९९ चा कायदा २००३ पासून लागू आहे, नोंदणी चेन्नईला होते, ती १० वर्षांची असते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते. हा हक्क विकता येत नाही, त्यामुळे तो सामूहिक स्वरूपाला शोभणारा आहे. मात्र मानांकन नावाला आणि मालाच्या ओळखीला संरक्षण देते. त्यामागच्या कौशल्याला देत नाही. वारली चित्रकलेला मानांकन आहे, तरी वारली आकृत्या कापडावर आणि कपांवर छापल्या जाताना आपण रोज पाहतो. कोल्हापुरी चपलांचे मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशा चपला दाखवल्या, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका फेटाळली गेली, कारण याचिका करणारे मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते. म्हणून अर्ज कोणाच्या नावे जातो ही बाब औपचारिक समजू नका. शक्य तिथे कारागिरांच्या स्वतःच्या संघाच्या नावे अर्ज करा, आणि मानांकन दुसऱ्याच्या नावे असेल तर प्रत्येक कारागिराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्या.

गावाच्या संघाला आपल्या मालासाठी सामूहिक व्यापारचिन्हही घेता येते. लहान गटांना ते मानांकनापेक्षा सोपे पडते.

सातवी पायरी: पाळत आणि आक्षेप

पेटंट कायद्याच्या कलम ३ (पी) नुसार जे मुळात पारंपरिक ज्ञानच आहे, किंवा पारंपरिक घटकांच्या ज्ञात गुणांची केवळ बेरीज आहे, त्याला पेटंट मिळत नाही. अर्जात जैविक सामग्री वापरली असेल तर ती कुठून घेतली हेही सांगावे लागते. अर्ज दाखल झाल्यावर साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतो. समितीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलीने किंवा मुलाने वर्षातून दोनदा आपल्या भागातल्या महत्त्वाच्या वनस्पतींची शास्त्रीय नावे टाकून शोध घेतला, तरी पुरे आहे.

अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट दिले जाईपर्यंत कोणीही आक्षेप घेऊ शकतो. दिल्यानंतर एक वर्षाच्या आत हितसंबंधी व्यक्तीला आक्षेप घेता येतो. कलम २५ मध्ये आक्षेपाचे एक कारण असे आहे की, ही माहिती भारतातील किंवा अन्यत्रच्या स्थानिक अथवा आदिवासी समुदायाकडे तोंडी किंवा अन्य स्वरूपात उपलब्ध होती. "तोंडी" हा शब्द कायद्यातच असल्यामुळे छापील पुरावा नसला तरी गाव लढू शकते. सामग्रीचे मूळ ठिकाण लपवले किंवा चुकीचे दिले, हेही स्वतंत्र कारण आहे. परदेशातल्या अर्जांबाबत स्थिती अजून कमजोर आहे. मे २०२४ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य देशांनी मूळ देश आणि ज्ञान देणारा समुदाय उघड करण्याची अट घालणारा करार जिनिव्हात स्वीकारला, पण पुरेशा देशांनी त्याला अनुमोदन दिल्यावरच तो अमलात येतो.

आक्षेप घेताना गावापुढे एक अवघड निवड उभी राहते. आक्षेपासोबत दिलेली कागदपत्रे लोकांना पाहता येतात, त्यामुळे राखीव वही पुरावा म्हणून दिली की ती खुली झाली. म्हणून अख्खी वही कधीही जोडू नका. अर्जदाराने ज्या नेमक्या गोष्टीवर हक्क मागितला आहे तेवढ्यापुरतेच, दोन किंवा तीन जाणकारांचे प्रतिज्ञापत्र करा: ही रीत आम्हाला कोणाकडून मिळाली, कधीपासून वापरतो, कोणाकोणाला ठाऊक आहे. सोबत खुल्या नोंदवहीतले संबंधित पान आणि ग्रामसभेचा तारीख असलेला ठराव जोडा. अर्जदाराने जे मागितलेले नाही, ते प्रमाण किंवा ती जोडीची मुळी प्रतिज्ञापत्रात लिहू नका. आणि तेवढे सांगायलाही जाणकार तयार नसतील, तर आक्षेप घ्यायचा की नाही हा निर्णय वकिलावर किंवा मदतीला आलेल्या संस्थेवर न सोपवता पुन्हा ग्रामसभेसमोर ठेवा.